गुडघ्यांच्या बाटलीतलं इथिलीन

"पण बाई, तो पेटतो कसा ते आम्ही कधी बघणार?"

बिसेरा दोचेवानं हा प्रश्न विचारला तेव्हा तिच्या मनात विज्ञानाबद्दल काहीही नव्हतं. तास संपायला सात मिनिटं उरली होती आणि काराजोवा बाई तोंडी परीक्षा घ्यायच्या बेतात होत्या, एवढंच. पण प्रश्न असा काही खणखणीत निघाला की अख्खी दहावी ब जागी झाली.

फळ्यावर तीन वायू होते. मिथेन निळ्या खडूत, इथिलीन हिरव्या आणि ॲसिटिलीन लाल. काराजोवा बाई गेली अकरा वर्षं हे तिन्ही वायू खडूनंच तयार करत आल्या होत्या. त्यांचा हात त्यावर इतका बसला होता की नळीतून बरणीत चढणारे बुडबुडे बघून शेवटच्या बाकाला तहान लागायची. खडूच्या वायूचे फायदे पुष्कळ आहेत. तो गळत नाही, भडकत नाही, आणि घंटा झाली की ओल्या फडक्यानं पुसता येतो.

"प्रयोगशाळा बंद असते, बिसेरा," बाई म्हणाल्या.

"का बंद असते?"

"कोणी उघडत नाही म्हणून."

नेमक्या त्याच क्षणी मुख्याध्यापक पापाझोव दारातून आत डोकावले. पापाझोव सर नेहमी नेमक्या त्याच क्षणी डोकावतात, त्यांना बहुतेक पगारच त्याचा मिळत असावा.

"उघडणार आहोत ना!" ते म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी जिल्ह्याची समिती येतेय, न वापरलेल्या खोल्या बघायला. एकदा त्यांनी 'न वापरलेली' असं लिहून दिलं की ते सगळं काचसामान टेम्पोत, आणि तिथं आपलं संवादी दालन! भला मोठा पडदा, बसायला मऊमऊ पोती. पडद्यावर वायू काय छान बुडबुडतो! ना वास ना धूर."

काराजोवा बाईंच्या हातातला हिरवा खडू मोडला. खडू मोडल्याचा आवाज अगदी बारीक असतो, पण बिसेरा पहिल्या बाकावर बसते.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. गेल्या उन्हाळ्यात बिसेराला एक शोध लागला होता. मोठ्यानं बोललं की लोक ऐकतात, हा तो शोध. तोपर्यंत हजेरीलाही ती इतकं हळू उत्तर द्यायची की दोन वेळा तिची गैरहजेरी लागली होती. पण शोध नवा असला की माणूस तो जागोजागी लावून बघतो. मोठ्यानं बोलण्याआधी जरा विचार करावा, हा पुढचा शोध तिला अजून लागायचा होता.

"मी करून दाखवते!" ती उभी राहिली. "पुढच्या शुक्रवारी. समितीसमोर. खरा वायू, आणि पेटवूनसुद्धा दाखवते."

"आणि नाही पेटला तर?" सरांनी हसून विचारलं.

"तर प्रयोगशाळेची किल्ली मी माझ्या हातानं तुम्हाला देईन!"

वर्गानं 'ओऽऽऽ' केलं. सर खूश होऊन गेले. काराजोवा बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बाळ, किल्ली तुझ्याकडे कुठं आहे?"

किल्ली होती शाळेची झाडलोट करणाऱ्या पेनका मावशींच्या गळ्यात, क्रूसाच्या शेजारी. शाळेत मुख्याध्यापक बदलत राहतात, पेनका मावशी बदलत नाहीत.

"प्रयोगशाळेची? कशाला?" मावशींनी विचारलं.

"प्रयोग करायला."

"प्रयोगशाळेत?" मावशींना हे काही पटेना. तरी त्या पुढं झाल्या, दोन वेळा खांद्यानं ढकललं आणि दार उघडलं.

आत ऑक्टोबर होता. म्हणजे बाहेर आमच्या त्रोयान गावातही ऑक्टोबरच होता, पण आतला जास्त जुना होता. शाळेचे हीटर एक नोव्हेंबरला लागतात, मग त्याआधी शाईचा बर्फ झाला तरी चालेल. फक्त मागची सामानाची छोटी खोली उबदार होती, कारण खालच्या खानावळीचा गरम पाण्याचा नळ तिच्या भिंतीतून जातो. त्या खोलीला खिडकी नाही, आणि दार असं घट्ट बसतं की आतल्या माणसाला आपण बरणीत आहोत असं वाटावं. आणि तिथं, जुन्या गोधडीखाली, सहा खोकी एकावर एक रचलेली होती.

"मावशी, हे काय?"

"हात लावू नकोस! माझा हिवाळा आहे तो." मावशींनी गोधडीचं टोक इतकंच उचललं की आतले हिरवेगार टोमॅटो दिसावेत, आणि लगेच मिटलं, जणू आत बाळ झोपलंय. "साठ किलो. एकेक हातानं निवडलाय. आक्रोडासारखे टणक! आमचं तळघर दिरानं मोटारसायकलनं अडवलंय, मग मी कुठं ठेवू? पुढच्या शनिवारी मुलगा पिंप घेऊन येतोय, तेव्हा लोणचं घालणार."

हिरव्या टोमॅटोचं, गाजराचं, फ्लॉवरचं खारट-आंबट लोणचं पिंपात घातलं नाही, तर त्रोयानमध्ये हिवाळा येतो खरा, पण त्याला कोणी घरात घेत नाही. त्यामुळं बिसेरानं वाद घातला नाही. तहाच्या अटी ठरल्या. बिसेरानं मागच्या खोलीत प्रयोग करायचा, कारण पुढच्या खोलीत बोटं गोठतात. गोधडीला हात लावायचा नाही. आणि दार उघडं टाकायचं नाही, कारण टोमॅटोला थंडी लागली की संपलंच.

"आणि धूर?" मावशी म्हणाल्या.

"धूर नाही हो, वायू. तो दिसतसुद्धा नाही."

"मग झालं की नाही ते कळणार कसं?"

या प्रश्नाला बिसेरा हसली. पुढच्या आठवडाभरात ती पुन्हा हसली नाही.

तीन वायूंपैकी कोणता करायचा याचा निर्णय कपाटानंच घेतला. मिथेनला लागणारी पूड बरणीत दगड झाली होती, ती बरणीसकट बाहेर आली आणि बरणीसकट परत गेली. ॲसिटिलीनला कार्बाइड लागतं. ते दुकानदारानं दहावीच्या मुलीला द्यायचं साफ नाकारलं, कारण मागच्या ईस्टरला कोणीतरी दुधाच्या कॅनमध्ये त्याचा बार काढला होता आणि कॅनचं झाकण अजून सापडलेलं नाही. उरलं इथिलीन. त्याला काय लागतं? स्पिरिट आणि मातीच्या भांड्याचे तुकडे. तुकडे तापवायचे, त्यांच्यावरून स्पिरिटची वाफ सोडायची, वाफेतलं पाणी सुटतं आणि उरतं ते इथिलीन. ते रबरी नळीतून पाण्यात उलट्या ठेवलेल्या बरणीत घ्यायचं. काराजोवा बाईंच्या चित्रात याला चार मिनिटं लागतात, रंग भरण्यासकट.

स्पिरिटसाठी अर्ज होता. तीन प्रतींत. त्यात एक रकाना असा होता: 'प्रयोगानंतर पदार्थ कोणत्या स्वरूपात परत केला जाईल?' बिसेरानं लिहिलं, 'वायुरूप'. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या कचेरीतून बाईंना फोन आला.

"वायुरूप म्हणजे नक्की किती बाटल्या?"

"बाटल्या नाहीत हो," बाई म्हणाल्या. "तो उडून जाईल."

"अहो, आमच्याकडं यायच्या आधीच सगळीकडचा उडून जातो. आकडा सांगा."

आकडा मिळाल्यावर उत्तराला तीस कामाचे दिवस लागतील असं कळलं. बिसेराकडं आठ होते, त्यातले दोन शनिवार-रविवार.

मग तिनं जे केलं ते आमच्या गावचं कोणीही केलं असतं. तिनं इमारतीच्या जिन्यात उभं राहून, मोठ्यानं, कडक राकिया, म्हणजे घरी गाळलेली फळांची दारू, कोणाकडं आहे असं विचारलं.

चारी मजल्यांची दारं उघडली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं मत पडलं की द्राक्षाचीच घ्यावी, ती छातीला चांगली. कोणाच्या छातीला, हे त्यांनी सांगितलं नाही. चौथ्या मजल्यावरून सल्ला आला की वायू करण्यापेक्षा त्यात आक्रोड भिजवावेत. पण खरा अधिकार समोरच्या दारातल्या गेनो काकांचा. काका पंचवीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेत आणि दरवर्षी आपल्या आलुबुखारांची राकिया स्वतः उभं राहून गाळून घेतात.

"द्राक्षाची हलकी असते, पोरी," काका गंभीरपणे म्हणाले. "तिचा वायू टिकणार नाही. तुला आलुबुखाराचीच हवी. आणि पहिल्या धारेची."

पहिली धार कोणी पीत नाही. ती इतकी जहाल असते की ती गुडघ्यांना चोळायची. काकांनी आतून अर्ध्या लिटरची बाटली आणली. तिच्यावर चिकटपट्टीवर लिहिलेलं होतं: 'गुडघे'.

"माझा अख्खा हिवाळा आहे यात," ते म्हणाले. (बिसेराच्या लक्षात आलं की या आठवड्यात लोक तिच्या हातात हिवाळेच देतायत.) "बोटभर लागेल तेवढीच घे. उरलेली परत आण."

मातीच्या भांड्यासाठी मात्र तिनं कोणालाही विचारलं नाही, आणि तेच चुकलं. घरात दोन त्रोयानी सुरया होत्या, दोन्हींचे कान मोडलेले. त्यातली एक निव्वळ मोडकी होती. दुसरी आईच्या लग्नात जिच्यातून वाइन ओतली ती. बिसेरानं हातोडीनं जी बारीक केली ती ही दुसरी. आई दातांच्या दवाखान्यात नोंदणीला बसते, तिला लोकांच्या किंचाळ्यांची सवय आहे, पण त्या संध्याकाळी ती स्वतः किंचाळली.

"विज्ञानासाठी होतं, आई!"

"विज्ञानाला सांग, ये म्हणावं जोडायला!"

तर अशा रीतीनं, समिती यायला बरोबर आठवडा असताना, शुक्रवारी दुपारी मागच्या खोलीत सगळं मांडलं गेलं. जाड काचेची नळी, तिच्या तळाशी 'गुडघ्यां'त भिजवलेला काचेचा कापूस, मध्ये आईचं लग्न, खाली बाबांचा सहलीचा छोटा गॅस. मग अकरा वर्षं खणात वेटोळं घालून पडलेली रबरी नळी. शेवटी खानावळीतली मुसाका भाजायची परात, पाण्यानं भरलेली, आणि तिच्यात उलटी बरणी. काराजोवा बाई दाराशी स्टुलावर बसल्या, आग विझवायचं ब्लँकेट मांडीवर घेऊन, डोळे गच्च मिटून.

"बाई, तुम्ही बघत का नाही?"

"तू सांग. मी ऐकतेय."

तुकडे तापले. कापसाखाली जरा ऊब दिली. आणि परातीत बुडबुडा आला! ब्लुप. मग आणखी एक. मग तिसरा. बिसेरानं श्वास रोखला. बाईंनी एक डोळा उघडला.

चौथा आलाच नाही.

सोमवारीही तीनच आले. मंगळवारी चार वाटले, पण चौथा म्हणजे बिसेराच्या बाहीवरून पडलेला थेंब होता. तिनं कापूस बदलला, तुकडे बदलले, बरणी बदलली, उभं राहायची बाजू बदलली. दिवसाला पाच-पाच वेळा ती तापवत होती. बाटली उतरत होती आणि बरणी मात्र पाण्यानं तुडुंब होती. हवा फुंकून बघितली तर नळीतून बुडबुडे यायचे, म्हणजे नळी ठीकच. मग वायू जात कुठं होता? की होतच नव्हता? बुधवारी तिनं पहिल्यांदा बाईंना हळू आवाजात विचारलं, "बाई, तुमच्या चित्रात काही राहिलंय का?"

"चित्र बरोबर आहे," बाई तितक्याच हळू म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वी मी केलं होतं ना. तेव्हा पेटला होता. जरा जास्तच." आणि मग त्या बराच वेळ ब्लँकेटच्या घड्या घालत बसल्या.

वायू दिसत नव्हता, पण वास कोणाला चुकला नव्हता. अख्खा मजला आलुबुखाराच्या राकियानं दरवळत होता. इतिहासाचे सर, जे कधी जिना चढत नाहीत, ते दिवसातून दोनदा 'सहज' येऊ लागले, दारापाशी थांबून खोल श्वास घ्यायचे आणि समाधानानं खाली जायचे. वर्गात बिसेराला नवं नाव पडलं.

"कलालीणबाई, पहिला घाणा कधी काढताय?"

"इथिलीन आहे ते!"

"हो का? मग मला एक छोटं इथिलीन, आणि बरोबर काकडी."

बिसेराचा आवाज आता उन्हाळ्याआधीच्या मापावर येऊन ठेपला होता. त्यातच गुरुवारी जिन्यात गेनो काका भेटले.

"काय पोरी, उरली का?"

"बोटभर आहे, काका. ती उद्यासाठी."

काकांनी बाटली उजेडात धरली. बराच वेळ धरली. "अर्धा लिटर होती."

"वायू झाला तिचा."

"बरं. दाखव वायू."

"तो… मिळाला नाही."

"म्हणजे आहे की नाही?"

"झाला असणार. पण गेला."

गेनो काकांनी बस चालवताना बिनतिकिटाच्या प्रवाशांचे बहाणे पंचवीस वर्षं ऐकले होते, पण इतकं कच्चं कारण कोणी दिलं नव्हतं. एकेक पायरी गुडघा दाबत, मुद्दाम कण्हत वर गेले. दार लावून घेतलं. आणि घरात बसून त्यांनी एक निनावी पत्र लिहिलं, आणि त्याच संध्याकाळी पायी जाऊन अबकारी कचेरीच्या पेटीत टाकून आले. ते पत्र पुढं सगळ्या गावानं वाचलं, त्यामुळं मी ते देऊ शकते:

'मान्यवर, शाळेच्या वरच्या मजल्यावर दारूची भट्टी चालू आहे. आणि गाळलेला माल वाया घालवतात, हे जास्त वाईट. आपला, एक गुडघेदुखीनं बेजार नागरिक.'

शुक्रवारी सकाळी पापाझोव सरांनी प्रयोगशाळेत नमुन्यादाखल एक मऊ पोतं आणून ठेवलं, जांभळ्या रंगाचं. मग समिती आली. समिती म्हणजे जिल्ह्याच्या कुशेवा बाई, त्यांची फाइल, आणि त्यांच्यामागून, कोणीही बोलावलेले नसताना, अबकारी खात्याचे एक साहेब. साहेबांच्या हातात चामडी पेटी होती आणि पेटीत दारूची तीव्रता मोजायची काचेची कांडी.

साहेबांनी दारातच नाक वर केलं. "आलुबुखार," ते म्हणाले. "पहिली धार."

पापाझोव सरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी घाईघाईनं साहेबांना बसायची विनंती केली आणि साहेब पोत्यात बसले. पोतं त्यांना गिळत गेलं. गुडघे कानांपाशी येऊन थांबले. तिथून त्यांनी चौकशी सुरू केली, आणि त्यांच्या हुद्द्याला शोभेल अशा आवाजात केली, हे त्यांचं कौतुकच.

"मुली, तू इथं काय बनवतेस?"

"इथिलीन. वायू आहे. आत्ता पेटवून दाखवते."

आज सगळं पुढच्या खोलीत मांडलं होतं. काराजोवा बाई शेजारी उभ्या होत्या, डोळे मिटून. गॅस लागला. तुकडे तापले. परातीत बुडबुडा आला. ब्लुप. कुशेवा बाई पुढं वाकल्या. ब्लुप. ब्लुप.

चौथा आला नाही. खाली खानावळीत कोणीतरी वाढायचा डाव पाडला तो सगळ्यांना ऐकू आला.

बिसेरानं बरणी उचलली, तोंडाशी पेटती काडी नेली. काडी विझली. बरणीत पाणीच होतं.

"तर," पोत्यातून आवाज आला, "आठवडाभरात अर्धा लिटर मद्य वापरलं. ते कुठं गेलं?"

"त्याचा वायू झाला."

"वायू कुठंय?"

"…गेला."

"चोवीस वर्षं मी या खात्यात आहे," साहेब म्हणाले. "प्रत्येकाचं गेलेलंच असतं."

कुशेवा बाईंनी सुस्कारा सोडला आणि फाइल उघडली. 'वायू मिळाला: होय / नाही.' पेन 'नाही' कडं निघालं. पापाझोव सर खिडकीची रुंदी डोळ्यांनी मोजू लागले, पडदा कुठं बसेल ते बघायला. बिसेराला आपल्या डाव्या बुटाची नाडी फार रोखून बघावीशी वाटली. मोडलेल्या खडूसारखाच बारीक आवाज तिच्या घशातून आला, आणि या वेळी तो पहिल्या बाकालाही ऐकू गेला नसता.

आणि तेव्हा मागच्या खोलीतून किंकाळी आली.

अशी किंकाळी की साहेबांनी उठायचा प्रयत्न केला आणि आणखी खोल गेले. दार धाडकन उघडलं. उद्याच्या लोणच्यासाठी माल बघायला गेलेल्या पेनका मावशी बाहेर आल्या. त्यांच्या दोन्ही हातांत एकेक टोमॅटो होता. लालबुंद. शेंदरी नाही, गुलाबी नाही, लालबुंद, आणि मऊ.

"कोणी केलं हे?" मावशी गरजल्या. "कोणी पिकवले माझे टोमॅटो? साठच्या साठ किलो! वरपासून खालपर्यंत! आता पिंपात काय घालू, सूप?"

काराजोवा बाईंनी डोळे उघडले. त्यांनी टोमॅटोकडं बघितलं, मग रबरी नळीकडं, मग परत टोमॅटोकडं. मग त्या चार पावलं पुढं आल्या, खडू न घेता.

"इथिलीन," बाई म्हणाल्या.

"कोण ती?" मावशी.

"इथिलीन! फळांना पिकवणारा वायू! गोदामांत हिरवी केळी याच वायूनं पिकवतात. बंद खोली, ऊब, आणि थोडासा वायू, अगदी थोडा पुरतो. बिसेरा, तू आठवडाभर वायू करतच होतीस! बरणीत गेले तीन बुडबुडे, बाकी सगळा गेला टोमॅटोंना!" बाईंचा आवाज चढत चढत अशा जागी पोचला होता जिथं अकरा वर्षांत गेला नव्हता.

"टोमॅटो आपोआपही पिकतात, बाई," पोतं म्हणालं.

पेनका मावशी सावकाश वळल्या.

"आपोआप?" त्या म्हणाल्या. "ऑक्टोबरात? माझे? साहेब, चाळीस वर्षं मी लोणचं घालतेय. ऑक्टोबरअखेरच्या सेंट दिमितरच्या सणापर्यंत माझा एक टोमॅटो लाल झालेला नाही. याच रोपांचं सातवं खोकं खाली माझ्या खोलीत आहे, चुलीजवळ, इथल्याइतकीच ऊब. जाऊन बघा! बेडकासारखे हिरवे आहेत!"

कुशेवा बाई ताडकन उठल्या. फाइल सांभाळायला लागण्यापूर्वी त्या जीवशास्त्र शिकवत असत, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. "तुलनेचा नमुना आहे?" त्या ओरडल्या. "त्याच झाडांचा? त्याच उबेत, पण वायूशिवाय? आणा!"

दहावी ब ची चौघं धावली आणि खोकं आलं. एका टेबलावर हिरवे, एका टेबलावर लाल. कुशेवा बाई दोन्हींमधून अशा फिरल्या, जशी लग्नात वराची आई फिरते. एक हिरवा दाबून बघितला, एक लाल चावून बघितला. मग बसल्या आणि लिहिलं. 'वायू मिळाला: होय. पुरावा: टोमॅटो, लाल, साठ किलो. तुलनेसाठी: टोमॅटो, हिरवे, दहा किलो. खोली: वापरात.'

"वापरात!" पापाझोव सर म्हणाले, ज्या सुरात माणूस 'दिवाळं' म्हणतो.

"साक्षीदाराची सही लागेल," कुशेवा बाईंनी पेन मावशींपुढं धरलं.

"मी नाही करायची!" मावशींनी हात मागं घेतले. "यांना वायू मिळाला, खोली मिळाली. मला काय मिळालं?"

आता सगळे बिसेराकडं बघत होते. एका सहीवर अडलं होतं. बिसेरानं तोंड उघडलं, मग, आयुष्यात प्रथमच, बोलण्याआधी विचार केला. आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मावशी, उद्या मी येते. साठ किलोचा रस आटवून बाटल्या भरू. सगळं मी ढवळीन, दिवसभर. आणि घाटातल्या आमच्या आजोबांच्या वाडीत अजून हिरवे लटकलेत. परवा ते तोडून आणते. हातानं निवडून."

"टणक?"

"आक्रोडासारखे."

"आणि ढवळताना गप्पा नाहीत."

"नाहीत."

मावशींनी सही केली, तीन प्रतींवर, प्रत्येक वेळी पेन ओठांना लावून. साहेबांनी पोत्यातूनच, आडवे पडून, 'भट्टी आढळली नाही' असं लिहिलं. मग पापाझोव सर आणि इतिहासाचे सर यांनी एकेक हात धरून त्यांना बाहेर ओढलं. जाताना साहेबांनी दोन लाल टोमॅटो 'तपासणीसाठी' पेटीत टाकले.

सगळे गेले. प्रयोगशाळा राहिली. बिसेराला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही होता, पण त्याच्या मधोमध एक रिकामी जागा होती. तिनं 'पेटवून दाखवते' म्हटलं होतं आणि काहीच पेटलं नव्हतं. ती परात ओतायला निघाली.

"थांब," काराजोवा बाई म्हणाल्या. त्यांनी रबरी नळी हातात घेतली, वाकवली, आणि उजेडापुढं धरली. वाकवल्यावर खालच्या बाजूनं एक बारीक चीर तोंड उघडत होती. नळी सरळ असली की चीर मिटलेली, परातीच्या काठावर वळली की उघडी. पाण्याखाली जाण्याचे कष्ट घेण्याऐवजी वायू तिथूनच बाहेर पडत होता, शहाण्या माणसासारखा.

"तू फुंकून बघितलंस तेव्हा सरळ धरली होतीस," बाई म्हणाल्या, आणि कात्रीनं चीर पडलेला तुकडा कापून टाकला.

कापसात अजून ओल होती. बिसेरानं गॅस लावला. बाईंनी या वेळी ब्लँकेट बाजूला ठेवलं, पण हाताशी ठेवलं. ब्लुप. ब्लुप. ब्लुप. ब्लुप. ब्लुप. पहिली बरणी नुसती हवेची म्हणून सोडून दिली. दुसरी भरली, तळापर्यंत, एक थेंबही पाणी न उरता. बिसेरानं काचेच्या झाकणीनं ती मिटली, उचलली, बाईंकडं बघितलं. बाईंचे डोळे उघडे होते.

काडी लावली. बरणीच्या तोंडाशी एक पिवळी ज्योत आली, मऊशी, उजळ. ती सावकाश खाली उतरत गेली, तळाशी जरा रेंगाळली आणि विझली. सगळं मिळून तीन सेकंद.

दारात पेनका मावशी उभ्या होत्या, खराट्यावर दोन्ही हात टेकवून.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

बिसेरानं मान खाली घातली. "एवढंच, मावशी."

मावशी आत आल्या. बाईंचं स्टूल पायानं पुढं ओढलं, त्यावर बसल्या आणि खराटा मांडीवर आडवा घेतला.

"पुन्हा लाव बघू," त्या म्हणाल्या.